हद्दपारीची घाई आणि तीस दिवसांची शहानिशा

नवी दिल्ली : पश्चिम बंगालमधील मालदा जिल्ह्याच्या सीमेवरून ५ डिसेंबर २०२५ रोजी एक गर्भवती महिला आपल्या आठ वर्षांच्या मुलासह भारतात परतली. तिला परत आणण्याची तयारी केंद्र सरकारने दोन दिवसांपूर्वी सर्वोच्च न्यायालयात दर्शवली होती. त्यासाठी मानवतेचे कारण देण्यात आले. ही महिला भारतीय नागरिक आहे, हे मात्र सरकारने मान्य केले नव्हते. मूळचे बीरभूम जिल्ह्यातील हे कुटुंब दिल्लीच्या रोहिणी भागात राहून मोलमजुरी करत होते. बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्यांना जूनमध्ये ताब्यात घेतले आणि २६ जून रोजी, म्हणजे अवघ्या काही दिवसांत, सीमेपलीकडे पाठवले. त्यांच्यासोबत आणखी एक कुटुंब होते. एकूण सहा जण, त्यांपैकी तीन अल्पवयीन.

सीमेपलीकडे गेलेल्या या सहा जणांना ऑगस्टमध्ये बांगलादेशच्या पोलिसांनी चापाईनवाबगंज येथे अटक केली. आरोप होता बेकायदा प्रवेशाचा. दिल्लीत ज्यांना बांगलादेशी ठरवले गेले, ते बांगलादेशात भारतीय घुसखोर ठरले. पुढे तेथील न्यायालयाने त्यांची आधार कार्डे आणि भारतातील पत्ते पाहून त्यांना भारतीय मानले. जे कार्ड भारतात नागरिकत्वाचा पुरावा धरले जात नाही, त्याच कार्डाच्या आधारे परदेशातील न्यायालयाने हा निष्कर्ष काढावा, यातील विसंगती कोणाच्याही लक्षात यावी.

दरम्यान, महिलेच्या वडिलांनी कलकत्ता उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल केली होती. न्या. तपोब्रत चक्रवर्ती आणि न्या. ऋतब्रत कुमार मित्र यांच्या खंडपीठाने २६ सप्टेंबर रोजी हद्दपारीची कारवाई रद्द ठरवली आणि सर्वांना चार आठवड्यांत परत आणण्याचा आदेश दिला. निकालातील एक तपशील फारसा चर्चेत आला नाही, पण तोच सर्वांत बोलका आहे. ही महिला १९९८ मध्ये बेकायदा भारतात आली, अशी नोंद चौकशीच्या कागदांत होती. तिच्या ओळखपत्रांवरून तिचा जन्म मात्र २००० सालचा दिसत होता. जन्मापूर्वीच सीमा ओलांडल्याची ही नोंद साध्या वाचनातही खटकली असती. ती वाचण्याइतकाही वेळ कोणी घेतला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

स्थलांतरविषयक कायद्यांच्या अंमलबजावणीत राज्यसंस्थेने किती बळ वापरावे, हा प्रश्न सध्या जगभर गाजतो आहे. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात ७ जानेवारी २०२६ रोजी स्थलांतर विभागाच्या अधिकाऱ्याने झाडलेल्या गोळीने एका अमेरिकी महिलेचा मृत्यू झाला. त्याची चित्रफीत काही तासांत जगभर पोहोचली आणि गोळी झाडणे समर्थनीय होते काय, यावर तो देश दुभंगला. दिल्ली आणि परिसरात अशी गोळी सुटलेली नाही. त्यामुळे येथे बळाचा वापर झालाच नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात येथील बळ वेगळ्या रूपात वावरते. पहाटे वस्तीत येणारे पथक, समाजमंदिराचे बंद दार, सीमेकडे निघालेले वाहन आणि अंधारात ओलांडायला लावलेली सीमा, असे त्याचे टप्पे आहेत. लाठी त्यात असेल वा नसेल. निर्णायक ठरतो तो वेग. माणूस आपले म्हणणे मांडू शकेल, त्याच्या गावाकडून उत्तर येऊ शकेल, वकील न्यायालयात पोहोचू शकेल, त्याआधीच कारवाई पूर्ण झालेली असते.

भारतीयांना या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. पंजाब, हरियाणा व गुजरातमधील लोकांचा त्यात भरणा होता. तिघे महाराष्ट्रातील होते. हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या घालून त्यांना आणल्याचे उघड होताच संसदेत विरोधकांनी गदारोळ केला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले. अशी बंधने घालण्याची अमेरिकी कार्यपद्धती २०१२ पासून लागू आहे, आणि परत येणाऱ्यांना गैरवागणूक मिळू नये यासाठी भारत अमेरिकी सरकारशी बोलत आहे, असा त्याचा आशय होता. बेकायदा राहणाऱ्या आपल्या नागरिकांना परत घेण्यास भारताने नकार दिला नाही. त्यांची ओळख पटावी आणि त्यांना सन्मानाने आणले जावे, एवढीच अपेक्षा होती. ती रास्तच होती.

पुढच्याच महिन्यात त्याच संसदेने स्थलांतर व परदेशी नागरिकांविषयीचे विधेयक चर्चेला घेतले. २७ मार्च रोजी लोकसभेत उत्तर देताना गृहमंत्री अमित शहा यांनी भारत ही धर्मशाळा नव्हे, अशी भूमिका मांडली. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे असे चार जुने कायदे मोडीत काढले. वैध पारपत्राविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड, तर बनावट कागदपत्रे वापरल्यास किमान दोन आणि कमाल सात वर्षांची कैद, अशी तरतूद त्यात आहे. शिक्षा कडक आहेत, यात शंका नाही. पण कैदेची शिक्षा द्यायची तर आरोपपत्र हवे, पुरावा हवा आणि न्यायालय हवे. रातोरात सीमेपार गेलेल्या माणसावर यांपैकी काहीच होत नाही. संसदेने केलेला कठोर कायदा बाजूला ठेवून त्याहूनही जलद मार्ग शोधला गेला, असे म्हणण्यास म्हणूनच जागा राहते.

सरकारची बाजू दुबळी नाही. भारत आणि बांगलादेश यांची सीमा ४,०९६ किलोमीटरहून अधिक लांबीची आहे. नदीपात्रे, दलदल आणि अगदी सीमारेषेला भिडलेली गावे यांमुळे तिच्या काही भागांत कुंपण उभेच राहू शकलेले नाही. दलालांच्या साखळ्या आहेत आणि बनावट आधार कार्डे तयार करणाऱ्या टोळ्या दिल्लीत अनेकदा पकडल्या गेल्या आहेत. रीतसर मार्गाने परत पाठवायचे तर समोरच्या देशाने संबंधित व्यक्ती आपली आहे, हे मान्य करावे लागते. परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते रणधीर जयस्वाल यांनी २२ मे २०२५ रोजी सांगितल्यानुसार, अशी २,३६० हून अधिक प्रकरणे बांगलादेशकडे पडताळणीसाठी प्रलंबित होती आणि त्यांतील काही २०२० पासूनची होती. पाच पाच वर्षे उत्तर येत नसेल, तर तोवर या लोकांना ठेवायचे कोठे आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रशासनाचा प्रश्न खोटा नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र सरकारी दाव्यांचा इतिहास फारसा विश्वासार्ह नाही. २००४ मध्ये तत्कालीन गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी देशात १ कोटी २० लाख बेकायदा बांगलादेशी असल्याचे संसदेत सांगितले आणि नंतर तो आकडा मागे घेतला. २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी दोन कोटींचा आकडा दिला. गणनेची पद्धत दोन्ही वेळा धूसरच राहिली. अंदाज कोटींत आणि प्रत्यक्ष ओळख पटलेल्यांची संख्या शेकड्यांत किंवा हजारांत, ही दरी भरून काढण्याचा ताण अखेर पोलीस ठाण्यातील हवालदारावर येतो आणि तेथून तो वस्तीत उतरतो.

दिल्लीतील सध्याच्या मोहिमेची सुरुवात डिसेंबर २०२४ मध्ये झाली. नायब राज्यपाल विनय कुमार सक्सेना यांच्या कार्यालयाने बेकायदा बांगलादेशींचा शोध घेण्यासाठी दोन महिन्यांची विशेष मोहीम राबवण्याचे निर्देश दिले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती आणि हा विषय प्रचारातही आला. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर सुरक्षाविषयक वातावरण आणखी कडक झाले. २ मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना एक परिपत्रक पाठवले. या संपूर्ण वादाचा कणा हे परिपत्रकच आहे.

बांगलादेश व म्यानमारमधून बेकायदा आल्याचा संशय असलेल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष पथक आणि तात्पुरती निवारा केंद्रे असावीत, असे त्यात म्हटले होते. पकडलेली व्यक्ती आपण भारतीय असल्याचे सांगत असेल, तर तिचे नाव, पालकांची नावे, पत्ता, नातेवाइकांचा तपशील तिच्या मूळ राज्याला कळवावा. त्या राज्याने जिल्हा प्रशासनाकडून पडताळणी करून तीस दिवसांत अहवाल द्यावा आणि त्या मुदतीत हद्दपारीची कारवाई करू नये. नियम सरकारनेच घातला होता. कोणा याचिकाकर्त्याची ती मागणी नव्हती. दिल्लीतून पाठवलेल्या सहा जणांच्या बाबतीत तोच पाळला गेला नाही, हे उच्च न्यायालयाच्या निकालाचे सार आहे.

अर्थात हा तीस दिवसांचा नियमही सौम्य म्हणता येणार नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला केवळ संशयावरून महिनाभर कोंडून ठेवणे ही त्याच्या कुटुंबाला होणारी शिक्षाच आहे. शिवाय मुदतीत अहवाल आला नाही, तर परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी पुढील कारवाई करू शकतात. दूरच्या एखाद्या तालुक्यातील कारकून रजेवर गेला, पत्र चुकीच्या टेबलावर पडले, तर त्या मौनाची किंमत दिल्लीत बंदिस्त असलेला मजूर मोजणार. परिपत्रकातील हा दोष दुरुस्त करण्याची गरज आहे. पण आधी परिपत्रक पाळले तर जावे, अशी स्थिती आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ‘पुश बॅक’ हा शब्द रुळला. हद्दपारी ही कायदेशीर प्रक्रिया आहे. तिच्यात आदेश असतो, समोरच्या देशाची संमती असते आणि व्यक्ती अधिकृतपणे सुपूर्द केली जाते. पुश बॅकमध्ये माणसाला सीमेवर नेऊन पलीकडे जाण्यास सांगितले जाते. सीमा ओलांडताना पकडलेल्याला तिथल्या तिथे परत पाठवणे हा सीमा रक्षणाचा जुना प्रकार आहे. सीमेपासून शेकडो किलोमीटर आत, दिल्ली किंवा मुंबईत वर्षानुवर्षे राहणाऱ्या व्यक्तीला तोच उपाय लावणे, हा त्याचा नवा विस्तार. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने बांगलादेशच्या सीमा दलाच्या हवाल्याने जुलैमध्ये दिलेल्या माहितीनुसार, ७ मे ते १५ जून २०२५ या काळात १,५०० हून अधिक लोकांना अशा रीतीने पाठवण्यात आले आणि त्यांत काही भारतीय नागरिकही होते. बांगलादेशने या पद्धतीला वारंवार आक्षेप घेतला.

जुलैमध्ये मोहिमेचा भर गुरुग्रामवर आला. समाजमंदिरे आणि सामुदायिक सभागृहे निवारा केंद्रे बनली. बंगाली बोलणारे सफाई कामगार, भंगार वेचणारे, घरकाम करणाऱ्या महिला आणि वाहनचालक यांना तेथे आणून कागदपत्रे तपासली जाऊ लागली. गुरुग्राम पोलिसांनी नंतर दिलेल्या माहितीनुसार, ताब्यात घेतलेले सुमारे अडीचशे जण होते आणि त्यांपैकी दहा जण बांगलादेशी असल्याचे आढळले. उरलेले सुटले. दरम्यान वस्त्या मात्र रिकाम्या झाल्या. पश्चिम बंगाल आणि आसाममधील शेकडो कुटुंबे सामान बांधून गावाकडे निघाली. उंच इमारतींच्या दारात कचरा साचू लागला, स्वयंपाकाला आणि मुले सांभाळायला येणाऱ्या बायका दिसेनाशा झाल्या. तेव्हा कुठे या मोहिमेची चर्चा शहराच्या सुखवस्तू भागांत पोहोचली. ज्यांना कोणी हातही लावला नव्हता तेही घर सोडून गेले, ही गोष्ट बळाच्या हिशेबात धरली जात नाही.

संशयाचे निकष काय, याचे उत्तर या काळात अनेकदा विचित्र मिळाले. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली पोलिसांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात जप्त कागदपत्रांच्या भाषांतरासाठी दुभाषा मागताना भाषेचा उल्लेख ‘बांगलादेशी भाषा’ असा होता. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. बंगाली ही भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषा आहे, हे पोलीस ठाण्याला सांगावे लागावे, ही स्थिती खेदाची होती. वर्षअखेरीस गाझियाबादच्या कौशांबी भागातील एक चित्रफीत पसरली. तीत पोलीस अधिकारी एका रहिवाशाच्या पाठीला मोबाइल लावून, हे यंत्र तुम्ही बांगलादेशचे असल्याचे दाखवते, असे सांगताना दिसले. ते कुटुंब बिहारमधील अररिया जिल्ह्यातील निघाले. पोलिसांनी चौकशीचे आदेश दिले. अनेकांनी हा प्रकार हसण्यावारी नेला, पण ज्याच्या पाठीला तो मोबाइल लावला होता, त्याला हसणे शक्य नव्हते.

मुळात नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी वेळ का लागतो, हे समजून घेतले पाहिजे. नागरिकत्व कायद्यानुसार १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक असते. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. त्यापुढे जन्मलेल्यांसाठी दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आहे. म्हणजे तिशी-पस्तिशीच्या मजुराचे नागरिकत्व त्याच्या खिशातील कार्डावर ठरत नाही. ते ठरते आईवडिलांच्या जन्मावर, गावच्या जमिनीच्या नोंदीवर, जुन्या मतदार यादीवर, शाळेच्या दाखल्यावर. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्यातच लिहिले आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अमित बोरकर यांनीही १२ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यातील एका प्रकरणात जामीन नाकारताना, आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. कायदा म्हणून हे बरोबर आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खिशातील कार्ड पुरेसे नसेल, तर खरा पुरावा गावाहून आणण्यास अवधी देणे ओघानेच येते. कार्ड मानायचे नाही आणि अवधीही द्यायचा नाही, या दोन गोष्टी एकत्र झाल्या की कोणताही गरीब नागरिक परदेशी ठरू शकतो.

न्यायालयांची भूमिका एकसुरी राहिलेली नाही. परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळपास अमर्याद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर प्रकरणात मान्य केले होते. दुसरीकडे, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ परदेशी व्यक्तींनाही लागू होतो, असे १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात ठरले. अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांचा आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेचा तेवढा अपवाद आहे. निवारा केंद्रात ठेवणे ही अटक नव्हे, असे म्हटले की हा २४ तासांचा प्रश्नच बाजूला पडतो. दाराला कुलूप असेल आणि बाहेर पोलीस उभा असेल, तर आतल्या माणसाच्या दृष्टीने नाव काय दिले याने काय फरक पडतो?

पुराव्याचा भार परदेशी असल्याचा संशय असलेल्या व्यक्तीवर टाकण्याची तरतूद १९४६ च्या कायद्यातही होती. पण हा भार कधी सुरू होतो, याचे उत्तर न्या. विक्रम नाथ आणि न्या. अहसानुद्दीन अमानुल्ला यांच्या खंडपीठाने ११ जुलै २०२४ रोजी आसाममधील एका प्रकरणात दिले. प्रशासनाने कोणालाही मनमानीपणे उचलून, तू परदेशी नाहीस हे सिद्ध कर, असे म्हणता येणार नाही. संशयाला आधी काही ठोस आधार दाखवावा लागेल, असा त्याचा आशय आहे. त्या प्रकरणातील व्यक्तीला न्यायालयाने भारतीय ठरवले, पण निकालापूर्वीच त्याचा मृत्यू झाला होता.

रोहिंग्यांच्या बाबतीत न्यायालयाचा सूर वेगळा आहे. मे २०२५ मध्ये दिल्लीतून ताब्यात घेतलेल्या सुमारे चाळीस रोहिंग्यांना अंदमानमार्गे नेऊन म्यानमारजवळ समुद्रात उतरवल्याचा आरोप झाला आणि संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी त्याची चौकशी सुरू केली. १६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कथनाला आधार काय, अशी विचारणा करत हस्तक्षेपास नकार दिला. २ डिसेंबरला सरन्यायाधीश सूर्यकांत यांच्या खंडपीठाने, बेकायदा शिरणाऱ्यांसाठी लाल गालिचा अंथरायचा काय, असा प्रश्न केला; मात्र अशा व्यक्तींचा छळ होता कामा नये, हेही नमूद केले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच न्यायालयात बीरभूमच्या महिलेला परत आणण्याची तयारी नोंदवली गेली. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे रोहिंग्यांची कायदेशीर ढाल मुळातच पातळ आहे. नागरिक असण्याची शक्यता असलेल्यांसाठी मात्र ती पातळ असण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जून २०२५ मध्ये मीरा रोड आणि मुंबई परिसरातून पकडलेल्या मुर्शिदाबाद व पूर्व बर्धमान जिल्ह्यांतील काही मजुरांना सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करून बांगलादेशात ढकलण्यात आले. पश्चिम बंगाल पोलिसांनी त्यांचे नागरिकत्व कळवल्यानंतर काही दिवसांतच त्यांना परत घ्यावे लागले. चूक दुरुस्त झाली, कारण त्यांच्या घरचे लोक स्थानिक पोलिसांपर्यंत पोहोचू शकले. ज्येष्ठ वाचकांना जुलै १९९८ ची घटनाही आठवत असेल. मनोहर जोशी यांच्या युती सरकारच्या काळात मुंबईतून बांगलादेशी म्हणून पकडलेल्यांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने पोलीस पहाऱ्यात नेले जात होते. हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. महाराष्ट्र आणि ज्योती बसूंचे पश्चिम बंगाल सरकार यांच्यात त्यावरून जोरदार खडाजंगी झाली.

दिल्लीचा अनुभव त्याहूनही जुना आहे. पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान आणि शंकरराव चव्हाण गृहमंत्री असताना, सप्टेंबर १९९२ मध्ये, ‘ऑपरेशन पुशबॅक’ या नावाने दिल्लीच्या झोपडवस्त्यांतून १३२ जणांना सीमेवर नेण्यात आले. त्यांची डोकी भादरण्यात आली होती. बांगलादेशने त्यांना स्वीकारले नाही आणि देशात टीकेचा भडिमार झाल्यावर मोहीम थंडावली. २००३ च्या सुरुवातीला कूचबिहार जिल्ह्यातील सातगाछी येथे दोनशेहून अधिक माणसे, त्यांत बरेचसे गारुडी, दोन देशांच्या बंदुकांमध्ये थंडीत अडकून पडली होती. सरकारे काँग्रेसची होती, भाजपची होती, युतीची होती. पद्धत फारशी बदललेली नाही, आणि ती दर वेळी का फसली याची नोंद कोणत्याच सरकारने पुढच्याच्या हाती दिलेली दिसत नाही.

२०२६ हे पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये निवडणुकांचे वर्ष. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्टच्या भाषणात लोकसंख्येच्या बदलत्या स्वरूपाविषयी उच्चस्तरीय मोहिमेची घोषणा केली. तृणमूल काँग्रेसने बंगाली अस्मितेचे आंदोलन उभारले. घुसखोर हटाव आणि बंगाली बचाव या दोन घोषणांच्या गदारोळात दोन्ही बाजूंची सोय आहे. घुसखोरी रोखणारे आपण एकटे, असे एकाला सांगता येते, आणि बंगाली माणसाचे रक्षक आपण एकटे, असे दुसऱ्याला. पकडलेल्याला लेखी आदेश मिळतो का, त्याच्या नातेवाइकाला कळवले जाते का, मूळ जिल्ह्याचे उत्तर येण्यापूर्वी त्याला हलवले तर जबाबदार कोण, या प्रश्नांवर मात्र मते मिळत नाहीत.

पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळाच्या याचिकेवर २९ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला, विशिष्ट भाषा बोलणे हा परदेशी असल्याचा पुरावा मानला जातो काय, असे विचारले आणि पुश बॅकसाठी ठरलेली कार्यपद्धती मागितली. या याचिकेतून सर्वाधिक अपेक्षा आहे ती हीच. कार्यपद्धती नोंदीवर आली, तर तिच्या उल्लंघनाचे मोजमाप होऊ शकेल. सध्या चुकीची किंमत केवळ पकडलेला माणूस मोजतो. त्याला पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तिकेत तिची नोंद होत नाही.

डिसेंबरमध्ये परतली ती महिला आणि तिचा मुलगा, एवढेच. तिचा पती, तसेच दुसऱ्या कुटुंबातील आई आणि दोन मुले असे चौघे तेव्हा बांगलादेशातच राहिले. त्यांच्या नागरिकत्वाबाबत केंद्राने न्यायालयात वाद घातला आहे. जी शहानिशा जूनमध्ये दिल्लीतील पोलीस ठाण्यात व्हायला हवी होती, ती त्यांच्यासाठी सीमेपलीकडून होण्याची वेळ आली.